उतारावर मी ओरडत होते

मित्रांनो, मी एक चार चाकांची जुनी शेतगाडी आहे आणि आज मी तुमच्याशी जरा रागातच बोलणार आहे. राग तुमच्यावर नाही. पण इतकी वर्षं सगळं आतल्या आत दाबून ठेवलं आहे, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी जीप नाही आणि ट्रॅक्टरही नाही. पुढे दोन माणसांच्या बैठका, मागे सामान ठेवायला लोखंडी हौदा, खडबडीत जाड टायर आणि बसणाऱ्यांच्या डोक्यावरून गेलेली पाइपांची चौकट, असं माझं रूप. डांबरी रस्त्यावर धावणं माझं काम नाही. खडक, चिखल, नांगरट आणि चढउतार हेच माझे रस्ते. इथले लोक मला बग्गी म्हणतात.

कारखान्यात आम्ही रांगेने तयार झालो. तिथली एक गोष्ट मी कधीच विसरले नाही. माझ्यासारख्याच एका गाडीला, म्हणजे माझ्या बहिणीलाच म्हणा, इंजिनिअर लोकांनी मुद्दाम उतारावरून उलटं पाडलं. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी ते धावत जात आणि चौकट वाकली का, आत चालकाच्या जागी बांधलेल्या माणसाएवढ्या बाहुल्याच्या डोक्याला काही लागलं का, ते फूटपट्टीने मोजत. पाचव्या खेपेनंतर माझी बहीण पुन्हा चालण्याच्या लायकीची उरली नाही, पण आतला बाहुला पट्ट्यात जसाच्या तसा बसलेला होता. त्यानंतरच आमच्या डोक्यावर तशा चौकटी बसवल्या गेल्या. माझ्या डोक्यावरची ती चौकट शोभेची नव्हती. तिच्यासाठी माझ्या बहिणीचा जीव गेला होता.

मग मी सोलापूरमार्गे जेऊरजवळच्या एका माळावर आले. तिथे पृथ्वीराज नावाच्या शेतकऱ्याची पेरूची मोठी बाग आहे. माळाच्या माथ्यावर शेततळं, खाली डांबरी रस्त्यालगत फळं भरायची पत्र्याची शेड आणि मधल्या सगळ्या उतारावर झाडं. तोडलेली फळं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून बाया डोक्यावरून खाली आणत. वीस वीस किलोचं ओझं आणि पायाखाली घरंगळणारे दगड.

मला पोचवायला दुकानाकडून अमरेश नावाचा मेकॅनिक आला होता. तो अक्कलकोटकडचा, बोलता बोलता मधूनच कानडी शब्द टाकणारा. त्याने विचारलं, “चालवायला कोण शिकणार?” तिथले गडी एकमेकांकडे बघून हसले. “ह्ये तर खेळणं हाय,” एक जण म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मी शिकते की.”

ती गोजाबाई. पंचेचाळिशीची, तोडणीच्या बायांची मुकादम. वीस वर्षं तिने याच उतारावरून ओझी वाहिली होती. कुठला दगड हलतो आणि कुठे पाणी मुरतं, ते तिला डोळे मिटून ठाऊक होतं. अमरेशने तिला तीन दिवस शिकवलं. “बाई, चार गोष्टी. उतारावर सरळ वर, सरळ खाली. आडवं वळायचं नाही. उतरताना गाडी गिअरमध्येच पाहिजे. न्यूट्रल केली की इंजिन तिला धरत नाही, मग सगळा भार एकट्या ब्रेकवर. हौद्यात चारशे किलोच्या वर माल नाही. आणि हौद्यात माणूस तर कधीच नाही.”

“आनि पट्टा?” गोजाबाईने विचारलं.

“पट्टा लावल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.”

माझ्यासोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. गोजाबाईची मुलगी वैष्णवी तेव्हा नववीत होती. तिने ते रोज थोडं थोडं वाचून आईला सांगितलं आणि शेवटी वहीच्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो शेडच्या भिंतीला चिकटवला: हवा, इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक, फिल्टर, पट्टा. गोजाबाईला जेमतेम वाचता येत होतं, पण तो कागद ती रोज सकाळी वाचायची. मग माझ्याभोवती एक फेरी मारायची. खाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायची. टायर अंगठ्याने दाबायची. पायाने ब्रेक दाबून, तो किती खाली जातो ते बघायची. माळावरची धूळ पिठासारखी बारीक. त्या धुळीने माझा श्वास कोंडतो, म्हणून दर शनिवारी गोजाबाई एअर फिल्टर काढून झटकायची. या सगळ्याला पाव तासही लागत नसे.

अडीच वर्षं अशी गेली. रोपं, खत, ठिबकच्या नळ्या, क्रेट, काय काय वाहिलं मी. एकदा नागूबाई नावाच्या तोडणीवाल्या बाईच्या पायाला साप चावला. गोजाबाईने तिला शेजारच्या बैठकीवर बसवून पट्टा लावला आणि मला पहिल्या गिअरमध्ये घातलं. नागूबाई रडत म्हणत होती, “आक्का, जरा जोरात घे की.” गोजाबाई समोरची नजर न हलवता म्हणाली, “जोरात गेलो तर पोचणार न्हाय. सावकाश जाऊ, पर जाऊ.” खाली रस्त्यावर जीप तयार होती. नागूबाई आठ दिवसांनी हसत परत आली आणि पृथ्वीराजांनी मला झेंडूचा हार घातला. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे पृथ्वीराजांना हृदयाचा त्रास सुरू झाला. उपचारासाठी ते अकलूजला लेकीकडे राहायला गेले आणि बाग पाहायला त्यांचा पुतण्या ऋतुराज पुण्याहून आला. चोवीस वर्षांचा, कामाला वाघ, पण थांबणं माहीत नसलेला. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, “मावशी, तुम्ही तोडणीकडं लक्ष द्या. गाडी मी बघतो.”

गोजाबाईने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. “दादा, मागल्या डाव्या चाकापाशी ब्रेकचं ऑइल पाझरतंय. दोन दिस झालं. अमरेशला बोलवायला पायजे.”

“बघतो,” तो म्हणाला.

मित्रांनो, हा ‘बघतो’ शब्द मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकला, की तो नुसता कानावर आला तरी आता माझं इंजिन तापतं.

माझ्या चौकटीला पेरूच्या फांद्या अडकत. शिवाय तिच्यामुळे हौद्यात क्रेटची थप्पी उंच लावता येत नसे. ऋतुराजने जेऊरहून वेल्डिंगवाला आणला. ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या आणि दहा मिनिटांत माझं डोकं उघडं झालं. कारखान्यात माझ्या बहिणीने पाच वेळा उलटून जे सिद्ध केलं होतं, ते दहा मिनिटांत कापून विहिरीमागे फेकून दिलं. मला तेव्हा जे वाटलं, ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

मग बसताना टोचतात म्हणून पट्टे बैठकीखाली गेले. माझ्या अंगावर पिवळ्या रंगाच्या सूचना होत्या, त्यांवर गाडीखाली सापडलेल्या माणसाचं चित्र होतं. ते अशुभ दिसतं म्हणून त्यावर सिंहाचं मोठं चित्र चिकटलं. वैष्णवीच्या कागदावर कॅलेंडर टांगलं गेलं.

मी काय करू शकत होते? गाडीला तोंड नसतं, पण तिला भाषा असते. मी माझ्या भाषेत सांगत राहिले. ब्रेकचं पेडल रोज थोडं आणखी खाली जाऊ लागलं. ऋतुराज म्हणाला, “दोनदा दाबला की लागतोय की.” मी चाकातून किरकिर आवाज काढला, तर त्याने मोबाइलवरचं गाणं मोठं केलं. फिल्टर धुळीने बुजला आणि मी काळा धूर सोडू लागले. तो म्हणाला, “जुनी झाली, धूर सोडणारच.” शेवटी मी समोरचा लाल दिवा पेटवला. ब्रेकचं ऑइल संपत आलं की लागतो, तो दिवा. आता तरी कळेल, असं मला वाटलं. त्याने दोन दिवस त्या दिव्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून त्यावर लावला. दिवा आत जळतच होता. बाहेर अंधार.

डिझेल वाचतं म्हणून तो मला उतारावर न्यूट्रल करून सोडायचा. इंजिनचा हात सुटायचा आणि अंगातलं सगळं वजन त्या पाझरणाऱ्या ब्रेकवर यायचं. प्रत्येक खेपेला माझा जीव टांगणीला लागायचा, खाली पोचलो की हायसं वाटायचं आणि तो मात्र खुशीत म्हणायचा, “बघितलं? थेंबभर डिझेल लागलं न्हाय.”

तो दिवस दिवाळीनंतरचा. मोठी तोडणी होती. खाली माल न्यायला आलेला ट्रक उभा होता आणि चालक सारखा हॉर्न वाजवत होता. शेततळ्याजवळ माझ्या हौद्यात चाळीस क्रेट चढवले, म्हणजे मला झेपतं त्याच्या दुप्पट ओझं. थप्पी डुगडुगायला लागली. ऋतुराज म्हणाला, “नागूबाई, तुम्ही आणि अजून एक जण वर बसा. क्रेट धरून ठेवा.”

नागूबाईने एक पाय चाकावर ठेवलासुद्धा. गोजाबाईने मागून तिचा दंड धरला.

“उतर खाली.”

“मावशी, ट्रक थांबलाय,” ऋतुराज म्हणाला. “दहा मिनिटांचं काम हाय.”

“व्हय, पर हौद्यात मानूस बसनार न्हाय. निम्मं क्रेट उतरवा, दोन खेपा करा. आमी चालत येतो.”

“गाडी तुम्ही चालवताय का मी?”

“तुमीच चालवा. बाया मी बसू देनार न्हाय.”

“मग उद्यापासनं कामावर येऊ नका.”

गोजाबाईचं वीस-बावीस वर्षांचं काम होतं ते. वैष्णवीची बारावी होती. मग ती म्हणाली, “बरं, न्हाय येत,” आणि नागूबाईचा दंड तिने सोडला नाही.

ऋतुराज चिडून एकटाच बसला आणि त्याने मला उतारावर सोडलं. न्यूट्रल.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. पुढे वेग वाढला. त्याने ब्रेक दाबला. लागला नाही. दोनदा दाबला, तीनदा दाबला. पेडल तळाला टेकलं आणि तिथेच राहिलं. मी ओरडत होते. चाकं, पत्रा, सांधे, जे जे वाजवता येईल ते ते मी वाजवत होते. त्याने मला गिअरमध्ये घालायचा प्रयत्न केला, पण इतक्या वेगात गिअर पडेना. मग घाबरून त्याने चाक डावीकडे फिरवलं. उतारावर आडवं.

मी त्याला दोष देत नाही. समोर शेड होती, शेडमध्ये माणसं होती. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पण क्रेटची ती उंच थप्पी एका बाजूला कलली आणि तिच्यासोबत मी. आभाळ खाली आलं आणि जमीन वर गेली. माझ्या डोक्यावर चौकट असती, तर तिने जमिनीवर हात टेकवले असते. पट्टा असता, तर तो बैठकीतच राहिला असता. दोन्ही नव्हतं. तो बाहेर फेकला गेला आणि मी, ज्याला सांभाळायला मला बनवलं होतं, त्याच्याच अंगावर पडले.

नव्या पाइपलाइनसाठी खोदलेला चर तिथे होता. त्याची छाती चरात गेली म्हणून तो वाचला. उजवा पाय मात्र माझ्याखाली होता.

सगळ्यात आधी गोजाबाई पोचली. तिने वाकून माझी किल्ली बंद केली, कारण डिझेल गळत होतं. बाया मला ढकलायला धावल्या. ती म्हणाली, “ढकलू नका. अजून एक पलटी खाईल.” तिने आधी माझ्या उताराकडच्या बाजूला मोठे दगड लावून घेतले. मग दोन पहारी आणि एक जाड बांबू माझ्या पोटाखाली घातला. सहा बायांनी जोर लावून मला वीतभर उचललं आणि नागूबाईने ऋतुराजला काखेत धरून ओढलं. तो शुद्धीवर होता. “मावशी,” एवढंच तो म्हणत होता.

“बोलू नगंस बाळा,” गोजाबाई म्हणाली. “पाय हलवू नगंस.” दादा म्हणणारी ती, त्या वेळी त्याला बाळा म्हणाली.

ऋतुराज तीन महिने सोलापूरच्या दवाखान्यात होता. पायात सळ्या घातल्या. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही.

आणि माझं काय झालं? मित्रांनो, तिथूनच माझ्या खऱ्या वैतागाला सुरुवात झाली. मला दोरांनी ओढून गोठ्यामागे टाकलं. बघायला येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, “हीच ती. पांढऱ्या पायाची गाडी.” कुणी माझ्यापुढे नारळ फोडला. कुणी माझ्या नाकावर लिंबू-मिरची बांधली. पण इतक्या माणसांतून एकानेही खाली वाकून माझ्या मागल्या डाव्या चाकाकडे पाहिलं नाही. त्या वाळलेल्या लिंबाने ब्रेक लागणार होता का? बैठकीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. वर्ष गेलं. मग एके दिवशी पृथ्वीराज बागेत आले आणि त्यांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं.

भंगारवाला आला त्या सकाळी ऋतुराज काठी टेकत तिथे आला. पृथ्वीराजांनी गोजाबाईलाही बोलावून घेतलं होतं, कारण तोडणीला पुन्हा माणसं हवी होती. अपघातानंतर ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती.

पृथ्वीराज म्हणाले, “एकदाची ही ब्याद जाऊ दे. हिनं माझ्या पोराचा पाय घेतला.”

ऋतुराज माझ्याजवळ आला. काठी बैठकीला टेकवली, कोंबडी हाकलली आणि नखाने त्या दिव्यावरची काळी चिकटपट्टी खरवडून काढली. ती उन्हाने वाळून घट्ट बसली होती. बराच वेळ लागला.

“काका, हे मी लावलं होतं,” तो म्हणाला. “ब्रेकचं मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चौकट मी कापली. पट्टे मी काढले. हिनं काही घेतलं न्हाय माझं.” आणि म्हणाला, “त्या दिवशी मी दोघींना वर बसवत होतो.”

पृथ्वीराजांनी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि ते गोजाबाईकडे वळले. “गोजाबाई, पुन्हा चालवाल का?”

“आदी नीट करा तिला,” ती म्हणाली. “अमरेशला बोलवा.”

“ती चौकट विहिरीमागं पडली असेल. जोडून घेऊ.”

“कापलेली न्हाय चालनार, मालक. जोड दिलेल्या जागी ती तुटंल. नवी आना. आनि हौद्यात कुनी मानूस बसवला, तर किल्ली तितंच टाकून मी घरी जाईन.”

ऋतुराज म्हणाला, “मावशी, मी तुमाला...”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पान्याची बादली आन. कोंबड्यांनी घान केलीया.”

अमरेश आला. त्याने चारी चाकांचे ब्रेक उघडले, मागल्या चाकातला फाटलेला रबरी वायसर काढून सगळ्यांना दाखवला. नखाएवढा होता तो. सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. नवी चौकट आली, नवे पट्टे आले. आता मी पुन्हा उतारावर जाते. रोज सकाळी ऋतुराज लाकडाच्या ओंडक्यावर बसून, एक पाय लांब करून माझ्या चाकांमागे बघतो आणि मगच गोजाबाईला किल्ली देतो.

मग माझा राग अजून का गेला नाही, असं तुम्ही विचाराल.

कारण शेजारच्या रानात माझ्यासारखीच एक नवी बग्गी आली आहे. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिची चौकट कापली. रोज सकाळी ती आमच्या बांधावरून शाळेच्या वाटेला जाते आणि तिच्या हौद्यात सहा-सात मुलं उभी असतात, एकमेकांचे शर्ट धरून. ऋतुराज काठी टेकत दोनदा त्या घरी जाऊन आला. त्यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, “तुमची गाडी जुनी हुती, भाऊ. आमची नवी हाय.” तो परत आला तेव्हा माझ्या चाकाला टेकून बराच वेळ उभा होता.

काल ती गेली, तेव्हा तिच्या मागल्या चाकातून मला तीच किरकिर ऐकू आली. ती ओरडते आहे, मित्रांनो. मला तिची भाषा कळते, माणसांना कळत नाही.

मोठ्यांना सांगून मी थकले. म्हणून आज तुम्हाला सांगते आहे. उद्या सकाळी ती गाडी तुमच्याजवळ थांबेल. हौद्यात जागा आहे, या, असं म्हणतील. चढू नका. आणि तुमच्या धाकट्या भावंडाने पाय वर टाकला, तर त्याचा दंड धरा आणि सोडू नका. शाळेला उशीर झाला, तर होऊ द्या.